टेक्सासमधील ग्रामीण काउंटीतून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल कशी मिळवावी?

प्रश्न : कोयनाकाठ

सप्रेम नमस्कार. २००७ साली माझे लग्न कराडला हिंदू पद्धतीने झाले आणि त्याच वर्षी मी पतीसोबत अमेरिकेत, टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात राहायला गेले. कापसाच्या शेतांच्या मधोमध असलेले ते गाव इतके लहान होते की महिन्याच्या किराण्यासाठीसुद्धा पाऊण तास गाडी चालवत जावे लागे. २०११ साली आम्ही दोघांनी समजुतीने वेगळे व्हायचे ठरवले. अर्ज पतीने केला. मी गावातल्या बँकेत जाऊन नोटरीसमोर एका कागदावर सही केली, काही आठवड्यांनी दुसऱ्या एका दस्तऐवजावर सही करून तो टपालाने परत पाठवला आणि पुढे घटस्फोट मंजूर झाल्याचे मला फोनवर कळवण्यात आले. मी स्वतः न्यायालयात कधीच उभी राहिले नाही. हुकूमनाम्याची एक साधी प्रत माझ्याजवळ होती, पण भारतात परतताना ती सामानात कुठेतरी गहाळ झाली.

आता माझे दुसरे लग्न ठरले आहे. विवाह नोंदणीची चौकशी करायला गेले असता, आधीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणा, असे ग्रामसेवकांनी सांगितले, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. त्यासाठी मी टेक्सासच्या आरोग्य खात्यातील जन्म, मृत्यू आणि विवाहांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाकडे २० डॉलर भरून अर्ज केला. दोन महिन्यांनी एक पानाचे पत्र आले. त्यात आमची नावे, घटस्फोटाची तारीख आणि काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) नाव एवढेच आहे. ग्रामसेवकांनी ते पाहून सांगितले की हा न्यायालयाचा कागद नाही, यावर मला नोंद करता येणार नाही.

त्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की पत्रातील काउंटी ही आम्ही राहत होतो ती नाही, शेजारची आहे. आम्ही राहत होतो त्या काउंटीच्या कार्यालयाला मी दोनदा विचारणा केली होती आणि दोन्ही वेळा अशी नोंद आमच्याकडे नाही असे उत्तर आले होते. घरातले वडीलधारे म्हणतात की शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दे म्हणजे काम होईल, पण माझे मन त्याला धजावत नाही. आणखी एक अडचण म्हणजे तिथल्या कागदांवर माझे नाव सासरचे आहे, तर इथल्या पासपोर्टवर आणि आधार कार्डावर माहेरचे. खरी प्रत कोणाकडे असते, भारतात बसून ती कशी मागवावी आणि इथे ती ग्राह्य धरली जाईल का, हे कोणी अनुभवी व्यक्ती सांगू शकेल का?

उत्तर : पठारावरचा वाटसरू

ताई, मी गेली अठरा वर्षे टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडल भागात राहतो आणि माझ्या स्वतःच्या घटस्फोटाच्या प्रतीसाठी याच वाटेने गेलो आहे. सर्वांत आधी एक सांगतो, आपले २० डॉलर वाया गेलेले नाहीत. राज्याच्या त्या विभागाकडे १९६८ पासूनच्या घटस्फोटांची केवळ सूची आहे, हुकूमनामे नाहीत, आणि त्यांचे पत्र म्हणजे सूचीत अशी नोंद आहे एवढाच दाखला असतो. पण काउंटी कोणती हे खात्रीने कळण्यासाठी त्या पत्राइतका उपयोगी कागद दुसरा नाही. मूळ हुकूमनामा ज्या काउंटीत झाला तिथल्या डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या, म्हणजे न्यायालयाचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातच असतो. राज्याच्या राजधानीत तो मिळत नाही आणि शेजारच्या काउंटीतही मिळत नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचे दप्तर स्वतंत्र आहे, त्यामुळे आपल्याला नकार देणाऱ्या कार्यालयाने खरे तेच सांगितले.

काउंटी वेगळी कशी निघाली याचेही साधे कारण असू शकते. टेक्सासमध्ये अर्ज करताना पतिपत्नींपैकी कोणीतरी एक जण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत सलग ९० दिवस राहत असावा लागतो. आपले यजमान अर्जाच्या आधी कामाच्या जागेजवळ, काउंटीच्या सीमेपलीकडे राहायला गेले असतील, तर अर्ज तिकडेच दाखल होणार. ग्रामीण भागात हे वारंवार घडते, कारण टपालाचा पत्ता एका गावाचा असतो, काउंटीची सीमा शेतातून जाते आणि आपण नक्की कोणत्या काउंटीत राहतो हे पुष्कळ लोकांना निवडणुकीपर्यंत ठाऊकच नसते.

आता प्रत्यक्ष कृती. त्या काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लार्कला ईमेल पाठवण्याआधी दूरध्वनी करा. वस्ती फार विरळ असलेल्या, साधारण आठ हजारांहून कमी लोकसंख्येच्या काउंट्यांमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्क आणि काउंटी क्लार्क ही दोन्ही कामे एकच व्यक्ती पाहते. २०२० च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीची लोकसंख्या अवघी ६४ होती, यावरून तिथल्या कार्यालयांच्या आकाराची कल्पना यावी. अशा ठिकाणी ईमेल अनेक दिवस न उघडता पडून राहते, पण फोन उचलणारी व्यक्ती बहुधा तीच असते जी स्वतः उठून फाईल शोधते. तिथल्या सकाळी नऊ वाजता फोन करायचा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, हे ध्यानात ठेवा.

फोनवर दोघांचीही पूर्ण नावे सांगा, आणि आपले नाव सासरचे व माहेरचे अशा दोन्ही प्रकारे, अक्षरे सुटी करून सांगा. टेक्सासमध्ये अशा दाव्याचे शीर्षकच अमुक आणि तमुक यांच्या विवाहाबाबत अशा अर्थाचे असते आणि सूचीत आधी अर्जदाराचे नाव येते, म्हणून यजमानांचे नाव आधी सांगणे बरे. राज्याच्या पत्रावरील तारीख सांगितली की दाव्याचा क्रमांक सापडायला वेळ लागत नाही. माझ्या बाबतीत आडनावातील एका अक्षराच्या चुकीमुळे नोंद सापडत नव्हती. तेव्हा त्या बाईंनी तारखेवरून त्या महिन्याची न्यायालयीन नोंदवही चाळून फाईल शोधून दिली, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मागताना प्रमाणित प्रतच हवी, सर्व पानांसह हवी आणि ती परदेशात वापरण्यासाठी आहे, हे स्पष्ट सांगा. साधी झेरॉक्स स्वस्त पडते, पण तिच्यावर क्लार्कची सही आणि शिक्का नसतो आणि पुढची पायरी तिच्यावर होत नाही. ती पायरी म्हणजे अपॉस्टिल, म्हणजे कागदावरील सही आणि शिक्का खरा असल्याचे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणपत्र. भारतात अपॉस्टिल करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, अमेरिका त्याच्याही आधीपासून त्यात आहे, त्यामुळे दूतावासाचा शिक्का घेण्याची गरज राहत नाही. क्लार्कची सही असलेली मूळ प्रमाणित प्रत ऑस्टिनला टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात पाठवायची, ती भारतासाठी हवी आहे असे अर्जात लिहायचे आणि प्रत्येक दस्तऐवजामागे १५ डॉलर भरायचे. भारतातून पैसे भरणे हीच काय ती खरी अडचण आहे, कारण छोट्या काउंट्या बहुधा मनीऑर्डर मागतात. अमेरिकेत कोणी नातेवाईक किंवा मैत्रीण असेल तर तिच्या पत्त्यावर प्रत मागवा आणि तिच्याकडूनच ती ऑस्टिनला पाठवा. घटस्फोटाचा हुकूमनामा तिथे सर्वसाधारणपणे सार्वजनिक दस्तऐवज असतो, त्यामुळे आपल्या वतीने दुसऱ्याने मागितला तरी अडचण येत नाही.

नावाच्या बाबतीत एक आशा आहे. टेक्सासच्या हुकूमनाम्यात पत्नीला तिचे पूर्वीचे नाव परत देण्याचा परिच्छेद असू शकतो. तो आपल्या हुकूमनाम्यात असेल, तर सासरचे आणि माहेरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे न्यायालयानेच लिहून दिल्यासारखे होईल.

नवा प्रश्न : माळरान

कोयनाकाठ ताईंचा प्रश्न वाचला आणि मला धीर आला, म्हणून याच धाग्यात लिहीत आहे. मी सध्या टेक्सासमधील एका ग्रामीण काउंटीत राहते आणि पतीच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आहे. आमचे लग्न सांगलीला झाले. मूलबाळ नाही, घर किंवा जमीन नाही, दोन गाड्या आणि बँकेतली थोडी शिल्लक आहे. गेले वर्षभर आम्ही एका छताखाली असूनही पतिपत्नी म्हणून राहत नाही. घटस्फोटाला पती तोंडी तयार आहेत, पण पुढाकार घ्यायला तयार नाहीत. गावात एकच वकील आहेत आणि पतीने त्यांचा सल्ला आधीच घेतलेला असल्यामुळे त्यांनी मला भेटायलाच नकार दिला. न्यायालयाच्या खिडकीवर विचारले, तर आम्ही कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही, एवढेच सांगितले गेले.

अर्ज मी स्वतः करू शकते का, आणि इथल्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट सांगलीत मानला जाईल का, हे मला समजून घ्यायचे आहे. माझे आईवडील वृद्ध आहेत. दहा वर्षांनी कोणी येऊन तुमची मुलगी अजून विवाहितच आहे असे त्यांना सांगावे, हे मला नको आहे.

उत्तर : दिवाणी वकील, सातारा

दोन्ही भगिनींच्या प्रश्नांचा गाभा एकच आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो. मी साताऱ्यात दिवाणी आणि वैवाहिक प्रकरणे चालवतो. अमेरिकेतील कायद्याविषयी मी बोलणार नाही, भारतीय बाजू तेवढी सांगतो.

परदेशी न्यायालयाचा निर्णय भारतात केव्हा मानायचा हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये सांगितलेले आहे. वैवाहिक प्रकरणांत त्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालात लावला, आणि ते प्रकरणही एका अमेरिकी काउंटीतलेच होते. तिरुपतीला १९७५ मध्ये झालेल्या विवाहात पतीने मिसूरी राज्यातील सेंट लुइस काउंटीच्या न्यायालयातून, आपण तिथे ९० दिवस राहिलो आहोत आणि विवाह मोडकळीस आला आहे या आधारावर, १९८० मध्ये घटस्फोट मिळवला आणि नंतर दुसरे लग्न केले. पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य नसल्याचे आधीच कळवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही आणि पतीविरुद्धचा द्विविवाहाचा खटला पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा राहिला.

त्या निकालाचा सारांश असा की ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याने मान्य केलेला अधिकार असलेल्या न्यायालयाने, त्याच कायद्यातील कारणावर घटस्फोट दिलेला असावा. याला तीन अपवाद आहेत. प्रतिवादी जिथे कायमची राहते तिथेच दावा झाला असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात बसणारे असेल, हा पहिला. प्रतिवादीने स्वेच्छेने आणि खऱ्या अर्थाने त्या न्यायालयापुढे येऊन, आपल्या कायद्यातील कारणावर आधारलेला दावा लढवला असेल, हा दुसरा. आणि न्यायालयाचा अधिकार आपल्या कायद्याप्रमाणे नसला तरी प्रतिवादीने घटस्फोट मंजूर होण्यास संमती दिली असेल, हा तिसरा. आपणा दोघींच्या दृष्टीने हा तिसरा अपवादच महत्त्वाचा आहे.

कोयनाकाठ ताई, प्रत हाती आली की सर्वांत आधी शेवटचे पान पाहा. आपण बँकेत नोटरीसमोर जी पहिली सही केली, ती बहुधा समन्सची बजावणी नको एवढे सांगणारी असावी. तिच्यावरून आपल्याला दाव्याची माहिती होती हे सिद्ध होते, पण घटस्फोटालाच संमती होती हे स्पष्ट होतेच असे नाही. टपालाने परत पाठवलेला दुसरा दस्तऐवज जर हुकूमनाम्याचाच मसुदा असेल, आणि त्याखाली मजकुराला व आशयाला संमती असल्याच्या वाक्याखाली आपली सही असेल, तर आपली बाजू फार भक्कम होते. शिवाय इथे घटस्फोटाला आव्हान देऊ शकेल अशी व्यक्ती म्हणजे आपण स्वतः किंवा ज्यांनी अर्ज केला ते पती, आणि दोघांनाही तो हवाच होता. तरीही कागद बोलला पाहिजे, आठवण नव्हे. म्हणून हुकूमनाम्यासोबत नोटरीसमोर केलेल्या त्या कागदाचीही प्रमाणित प्रत मागवा. प्रमाणित प्रत सादर झाल्यावर तो निर्णय अधिकार असलेल्या न्यायालयाने दिला आहे असे संहितेच्या कलम १४ नुसार गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. एवढे करूनही निबंधकांनी शंका घेतली तर दिवाणी न्यायालयातून आपल्या वैवाहिक स्थितीविषयी घोषणा मागता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून लग्नाची तारीख धरण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा.

स्टॅम्पपेपरवरील प्रतिज्ञापत्राच्या बाबतीत आपल्या मनाने दिलेला कौल बरोबर आहे. गावोगावी अशा कागदांवर फारकती लिहिल्या जातात आणि त्यातून स्त्रियांचे आयुष्यभराचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसार मिळणारा घटस्फोट वाचवला आहे हे खरे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे रूढी नव्हे. आपल्याजवळ न्यायालयाचा खरा हुकूमनामा असताना त्याच्या जागी प्रतिज्ञापत्र देणे म्हणजे चांगला पुरावा बाजूला ठेवून कच्चा पुरावा पुढे करणे होय. पहिला विवाह कायद्याने संपलेला नसताना केलेले लग्न हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, म्हणून इथे सोपी वाट शोधू नये.

माळरान ताई, आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. तिथेच अर्ज करायचा असेल तर पतीने केवळ समन्स नको असे लिहून देऊन थांबू नये, हुकूमनाम्याच्या मसुद्यावर संमतीची सही त्यांनी केलीच पाहिजे असा आग्रह धरा. दुसरा मार्ग म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली सांगलीत परस्पर संमतीचा अर्ज. विवाह तिथे झाला असल्यामुळे तिथल्या न्यायालयाला अधिकार आहे. एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते, आणि वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या घरात राहणे असे नव्हे, पतिपत्नी म्हणून न राहणे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुरेश्ता देवी प्रकरणात १९९१ मध्येच सांगितले आहे. सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणात माफ करता येते हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट केले, आणि त्याच निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे किंवा आईवडील, भावंडे अशा जवळच्या नातलगांमार्फत कामकाज चालवण्याची मुभा न्यायालय देऊ शकते असेही म्हटले आहे. माझे मत विचाराल तर, पती मनापासून तयार असतील तर सांगलीचा मार्ग भारतातील पुढच्या आयुष्यासाठी अधिक निर्वेध आहे. ते तयार आहेत म्हणता म्हणता टाळाटाळ करणारे असतील, तर आपण राहता तिथेच अर्ज केलेला बरा, कारण १३-ब मध्ये हुकूमनामा होईपर्यंत दोघांचीही संमती टिकून राहावी लागते.

पैशांविषयी एकच सांगतो. अमेरिका ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खालील परस्पर मान्यता असलेला प्रदेश नाही. तिथल्या हुकूमनाम्यातील रकमेची वसुली इथे थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावून होत नाही, त्यासाठी त्या निर्णयाच्या आधारे नवा दावा करावा लागतो आणि त्याची मुदत तीन वर्षांची आहे. म्हणून देणेघेणे तिथेच पुरे करून घ्यावे.

उत्तर : माहेरवाशीण, टेक्सास

माळरान, वकीलसाहेबांनी सांगितले त्यात इथल्या बाजूची भर घालते. मी चार वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या काउंटीत वकिलाशिवाय अर्ज केला होता.

आधी व्हिसा. घटस्फोटाचा अर्ज केल्याने एच-४ संपत नाही, पण हुकूमनामा झाला की ज्या विवाहावर तो अवलंबून आहे तो विवाहच उरत नाही आणि व्हिसाही त्याच्यासोबत संपतो. म्हणून कोणत्या महिन्यात हुकूमनामा व्हावा हे ठरवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा तरी बोलून घे. ते दूर शहरात बसून फोनवरही सल्ला देतात, त्यामुळे गावात एकच वकील असल्याची अडचण इथे येत नाही. घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील तर तेही त्यांना निःसंकोच सांग, कारण अत्याचार सोसणाऱ्या एच-४ धारक पत्नीला कामाच्या परवान्यासाठी स्वतंत्र अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. ह्यूस्टनची दया आणि डॅलसची चेतना या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याशी बोल.

तुला मूल नाही आणि स्थावर मालमत्ता नाही, ही अर्जाच्या दृष्टीने सर्वांत सोपी स्थिती आहे. अशा संमतीच्या घटस्फोटासाठी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नमुना अर्जांचा संच मंजूर केला आणि टेक्सासलॉहेल्प या संकेतस्थळावर असे अर्ज विनामूल्य मिळतात. वकिलांना ऑनलाइनच अर्ज दाखल करावा लागतो, पण स्वतःचे प्रकरण स्वतः चालवणारी व्यक्ती कागदावरचा अर्ज खिडकीवर देऊ शकते. मी तेच केले, आणि माझ्यासमोर शिक्का मारून घेतलेली प्रत हातात घेऊनच बाहेर पडले. दाखल करण्याचे शुल्क काउंटीनुसार बदलते आणि साधारण तीनशे डॉलरच्या वर असते. ते परवडत नसेल तर तसे शपथेवर सांगणारा एक नमुना आहे, तो अर्जासोबत देता येतो. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. एच-४ वरच्या स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न बहुधा नसतेच.

पतीने समन्स नको असे लिहून द्यायचे तो कागद अर्ज दाखल झाल्यानंतरच नोटरीसमोर सही केलेला असावा लागतो. आधी सही करून ठेवली तर ती चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला त्यामुळे सगळे पुन्हा करावे लागले. अर्ज दाखल झाल्यापासून ६० दिवस थांबणे सक्तीचे आहे, कौटुंबिक हिंसेच्या काही ठरावीक प्रकरणांत मात्र ही अट नाही. पण ग्रामीण काउंटीत प्रत्यक्षात ६० दिवसांवर भागत नाही, कारण एकच न्यायाधीश अनेक काउंट्यांत फिरत असतात आणि तुमच्या गावात ते महिन्यातून मोजके दिवस येतात. अर्ज देतानाच न्यायालयाच्या तारखा लावणाऱ्या व्यक्तीला पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा विचारून ठेव. सुनावणी पाच ते दहा मिनिटांची असते. किती दिवस इथे राहता, विवाह पुन्हा जुळण्याची शक्यता आहे का, वाटणी मान्य आहे का, असे थोडे प्रश्न विचारतात. मी उत्तरे घरी मोठ्याने म्हणून पाहिली होती, तरी आवाज कापत होता, आणि न्यायाधीशांनी शांतपणे मला पाणी घ्यायला सांगितले.

गावात सगळ्यांना कळेल ही भीती मलाही होती. कागद सार्वजनिक असतो हे खरे आहे, पण माझ्या अनुभवात कोणी तो पाहायला गेले नाही. माझी शेजारीण, सत्तरीच्या पुढची शेतकरीण, सुनावणीच्या दिवशी स्वतःहून मला गाडीने घेऊन गेली आणि बाहेर बाकावर बसून राहिली. आणि घरी येण्याआधी एक कर. हुकूमनाम्यावर सही झाली त्याच दिवशी दोन प्रमाणित प्रती घे आणि एक लगेच अपॉस्टिलला पाठव. टेक्सासमध्ये हुकूमनाम्यानंतर ३० दिवस दुसरे लग्न करता येत नाही, तेवढ्या काळात हे काम मार्गी लावायला घे.

उत्तर : कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहिते आहे. पत्रातील काउंटीला फोन केला, दुसऱ्याच रिंगला एका बाईंनी उचलला आणि यजमानांचे नाव सांगताच, थांबा, पाहते, म्हणाल्या. पाच मिनिटांत दाव्याचा क्रमांक मिळाला. माझी एक मैत्रीण ऑक्लाहोमात आहे, तिने मनीऑर्डर पाठवली आणि सर्व पाने, अधिक नोटरीसमोर केलेला तो कागद, तिच्याकडे आला. ऑस्टिनहून अपॉस्टिल होऊन तो काल कुरियरने माझ्या हातात पडला.

वकीलसाहेबांनी सांगितले तसे मी आधी शेवटचे पान उघडले. मजकुराला आणि आशयाला संमती आहे असे वाक्य आहे आणि त्याखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. माझी सही थोडी वाकडी आहे. ती मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून केली होती, हे मला पाहताक्षणी आठवले. नावाचा परिच्छेदही आहे, मात्र माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकलेले आहे. त्याबद्दल ग्रामसेवकांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट सोबत जोडायला सांगितले आहे, आणि साताऱ्याच्या वकीलसाहेबांना मी उद्या प्रत्यक्ष भेटणार आहे.

माळरान, तुझ्या पतींनी सही केली की त्या पानाचा फोटो त्याच क्षणी काढून ठेव आणि आईवडिलांना पाठव. माझे ते पान तेरा वर्षांहून अधिक काळ एका लोखंडी कपाटात होते आणि मला ते कोणत्या गावात आहे हेही माहीत नव्हते.